जुना स्टेज कीबोर्ड अजून कार्यक्रमाला चालेल का?

कीबोर्डमधला आवाज म्हातारा होत नाही. यामाहाच्या मोटिफ ईएसमध्ये २००३ साली जे पियानोचे नमुने भरले गेले, ते आजही त्याच्या रॉममध्ये जसेच्या तसे आहेत. झिजते ते बाकीचे: पट्ट्यांखालचे रबर, आउटपुटचे जॅक, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, आतला बटन सेल, डिस्प्लेचा उजेड आणि टोन साठवून ठेवायची साधने. म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड घेऊन कार्यक्रमाला जावे की नाही, हे मॉडेलच्या सालावरून ठरत नाही. झिजणारे भाग कोणत्या अवस्थेत आहेत, ते बदलून मिळतात का आणि कार्यक्रम कोणत्या जातीचा आहे, यावरून ते ठरते.

जुना म्हणजे इथे साधारण १९९५ ते २०१० या काळातला व्यावसायिक कीबोर्ड: रोलँडचा एक्सपी-८० (१९९६), कोर्गचा ट्रायटन (१९९९), यामाहाची २००१ पासूनची मोटिफ मालिका, रोलँडचा आरडी-७०० (२००१), नॉर्ड स्टेज (२००५). ऑर्केस्ट्रात, बँजो पथकात, गोव्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये या पिढीचे कीबोर्ड अजून कामावर आहेत आणि त्यातले पुष्कळ चांगले काम करतात. त्याआधीची पिढी, म्हणजे यामाहाचा डीएक्स७ (१९८३) किंवा कोर्गचा एम१ (१९८८), वेगळ्या वर्गात मोडते. त्यांच्यावर एका वेळी १६च स्वर वाजतात, सुटे भाग शोधावे लागतात आणि चालू स्थितीतल्या वाद्याला आता संग्राह्य वस्तूचे मोल आले आहे. टेम्पोत चढवून गावोगाव नेण्यापेक्षा त्यांना घरी किंवा स्टुडिओत ठेवणे रास्त.

आवाज स्टेजवर पुरतो का?

आकडे पाहिले तर जुना कीबोर्ड फार मागे पडलेला दिसतो. एम१ची सगळी ध्वनिस्मृती ४ मेगाबाइट होती, ट्रायटनची ३२, मोटिफ ईएसची १७५. आजच्या नॉर्ड स्टेज ४ मध्ये एकट्या पियानोसाठी २ गिगाबाइट जागा आहे. पण हा फरक ऐकू कुठे येतो, हे पाहायला हवे. मागे ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बेस गिटार, समोर चार बॉक्स आणि मैदानात दीड-दोन हजार माणसे असतील, तर पियानोच्या स्वराची शेपटी नैसर्गिक विरते की लूपमध्ये फिरते, हे कुणालाही कळत नाही. तिथे गर्दीतून वर येणारा, मधल्या पट्ट्यात भरदार आवाज लागतो. जुन्या रोलँड-कोर्गचे ब्रास, स्ट्रिंग्ज आणि सिंथ लीड या कामात आजही उणे पडत नाहीत. १९९० च्या दशकातली गाणी वाजवायची असतील तर उलट फायदाच होतो, कारण त्या गाण्यांचे वाद्यवृंद त्याच पिढीच्या कीबोर्डांवर बांधलेले आहेत.

फरक उघडा पडतो तो शांत कार्यक्रमात. भावगीतांच्या मैफलीत गायिकेच्या मागे फक्त पियानो आणि तबला असेल, सभागृह चांगले असेल आणि श्रोते कान देऊन ऐकत असतील, तर जुन्या पियानो टोनचे दोष लपत नाहीत. हळू वाजवल्यावर आणि जोरात वाजवल्यावर आवाजाचा रंग पायरीपायरीने बदलतो, सूर विरण्याआधी सपाट होतो, सस्टेन पेडलखाली सगळे एकमेकांत मिसळून गढूळ होते. अशा कार्यक्रमांवरच ज्याचे नाव अवलंबून आहे, त्याने पियानोपुरता तरी नवा स्रोत वापरावा.

पॉलिफनीचा हिशेबही आधीच करून ठेवावा. एक्सपी-८० वर एका वेळी ६४ आवाज निघतात. ऐकायला हे भरपूर वाटते. पण पियानोचा स्टीरिओ टोन एका पट्टीला दोन आवाज घेतो, त्यावर स्टीरिओ स्ट्रिंग्जचा लेयर टाकला की आणखी दोन लागतात. म्हणजे प्रत्येक पट्टीला चार, आणि १६ स्वरांत कोटा संपला. पेडल दाबून दोन्ही हातांनी वाजवले की १६ स्वर चुटकीसरशी भरतात आणि आधीचे सूर मधूनच तुटू लागतात. यावर उपाय साधा आहे: लेयरमधल्या स्ट्रिंग्ज मोनो ठेवाव्यात, पॅचमधले न ऐकू येणारे थर बंद करावेत, पेडल वेळेवर सोडावे. मोटिफ ईएस आणि आरडी-७०० या दोन्हींची मर्यादा १२८ आहे. तिथे ही अडचण क्वचितच येते.

पट्ट्या

कार्यक्रमाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत आधी बिघडणारा भाग म्हणजे पट्ट्या. बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या आत कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका खालच्या सर्किट बोर्डावर टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला, ते मोजून कीबोर्ड बोटाचा जोर ओळखतो. वेळ जितका कमी, तितका आवाज मोठा. धूळ बसून यातल्या एका ठिपक्याचा संपर्क उशिरा झाला, तर हे मोजमाप चुकते. मग शांत आलापात एखादाच सूर किंचाळून बाहेर येतो, किंवा एखादी पट्टी तीनदा दाबल्यावर एकदा वाजते. वादकाला वाटते हात चुकला. प्रत्यक्षात दोष घुमटात असतो.

तपासणीसाठी पियानोचा टोन लावून सगळ्यात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत एकेक पट्टी आधी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात वाजवावी. याहून पक्की पद्धत म्हणजे कीबोर्ड मिडीने लॅपटॉपला जोडून मिडीचे संदेश दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम उघडावा. प्रत्येक पट्टीच्या जोराचा आकडा १ ते १२७ च्या दरम्यान पडद्यावर दिसतो. शेजारच्या पट्ट्या सारख्या जोराने दाबल्यावर ५०-६० च्या आसपास आकडे दाखवत असतील आणि मधलीच एक १२७ दाखवत असेल, तर दोषी पट्टी सापडली.

हा दोष पुष्कळदा नुसत्या सफाईने जातो. कीबोर्ड उघडून, पट्ट्या काढून, रबर आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे असतात. कार्बन घासायचा नाही, कापूस हलक्या हाताने फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचे. तेलकट स्प्रे, थिनर किंवा पाणी आत जाता कामा नये. रबर परत बसवताना त्याची प्रत्येक खुंटी भोकात नीट खेचून घ्यावी लागते. एक जरी अर्धवट राहिली तरी पट्टी जड लागते. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला तर कोणती रिबन केबल कुठे होती, याचा घोळ होत नाही. ज्याला स्क्रूड्रायव्हरची सवय नाही, त्याने हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे. पण त्याला "आवाज येत नाही" असे मोघम न सांगता कोणती पट्टी कोणता आकडा दाखवते, हे लिहून द्यावे. निम्मा वेळ वाचतो.

महाराष्ट्रात पट्ट्यांचे दोन खास शत्रू आहेत. एक गुलाल. विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजलेल्या कीबोर्डच्या पट्ट्यांमधून गुलालाची बारीक पूड थेट घुमटांपर्यंत पोचते आणि ओल धरून तिथेच चिकटते. मिरवणुकीसाठी कीबोर्डवर ताणून बसणारे पातळ प्लास्टिक घालावे आणि गणपती आटोपले की लगेच सफाई करून घ्यावी, पुढच्या लग्नसराईची वाट पाहू नये. दुसरा शत्रू किनाऱ्यावरची खारी, दमट हवा. कोकणात आणि गोव्यात वापरलेला कीबोर्ड विकत घेताना तळाचे स्क्रू आणि मागचे जॅक आधी पाहावेत. ते गंजलेले असतील तर आतल्या स्प्रिंगचीही तीच गत असते.

उन्हाचा त्रास वेगळा. १९९० च्या दशकातल्या रोलँडच्या काही कीबोर्डांत, विशेषतः डी-७० आणि जेडी-८०० मध्ये, पट्ट्यांखालची वजने लाल गोंदाने चिकटवलेली होती. वर्षे गेली की हा गोंद पातळ होऊन ठिबकतो, संपर्काच्या बोर्डावर पसरतो आणि पट्ट्या चिकटतात. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात बंद गाडीत दिवसभर ठेवलेला असा कीबोर्ड लवकर हाताबाहेर जातो. गोंद काढता येतो, पण ते काम प्रत्येक पट्टीसाठी वेगळे, किचकट आणि खर्चिक आहे. असे मॉडेल घेण्याआधी गोंद काढलेला आहे का, हे विचारावेच.

एक गोष्ट जुन्या वाद्यांच्या बाजूने सांगायला हवी. महागड्या जुन्या वर्कस्टेशनच्या पट्ट्या आजच्या मधल्या किमतीच्या कीबोर्डपेक्षा पुष्कळदा सरस असतात. मोटिफ ईएसला आफ्टरटच होता; यामाहानेच २०१८ मध्ये आणलेल्या एमओडीएक्सच्या पट्ट्यांना तो नाही. दाबलेल्या सुरावर आणखी भार देऊन बासरीला कंप देण्याची ज्याला सवय झाली आहे, त्याला ही उणीव पहिल्याच तालमीत जाणवते.

साठवण: इथे कार्यक्रम फसतात

आवाज चांगला, पट्ट्या चांगल्या, तरीही ऐन कार्यक्रमात जुना कीबोर्ड दगा देतो तो बहुधा साठवणीच्या बाबतीत. वादकाने वर्षानुवर्षे जमवलेले टोन, प्रत्येक गाण्याची मांडणी, स्प्लिट आणि लेयर हे सगळे आत कुठे आणि कशाच्या जोरावर टिकून आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे.

पुष्कळ जुन्या कीबोर्डांत ही माहिती एका बटन सेलवर जिवंत राहते. हा बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. सेल उतरला की डिस्प्लेवर सूचना येते आणि त्यानंतर एखाद्या दिवशी कीबोर्ड सुरू केल्यावर वापरणाऱ्याचे सगळे टोन गेलेले असतात. सेल स्वस्त आहे, बदलणे अवघड नाही. मात्र तो काढताक्षणी माहिती पुसली जाते, म्हणून आधी सगळ्याची प्रत डिस्कवर, कार्डवर किंवा मिडीच्या सिसएक्स संदेशांतून लॅपटॉपवर काढून घ्यायची असते. काही मॉडेलांत सेल बोर्डाला डाख देऊन बसवलेला असतो. तो बदलतानाच सेलसाठी छोटा होल्डर बसवून घेतला तर पुढच्या वेळी डाख द्यावा लागत नाही.

दुसरी अडचण डिस्कची. एक्सपी-८० आणि ट्रायटन साडेतीन इंची फ्लॉपीवर माहिती ठेवतात. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली; आज हाती लागतात त्या बहुतेक जुन्या साठ्यातल्या, दमट हवेत बुरशी धरलेल्या. फ्लॉपीवर विसंबून कार्यक्रम करणे आता धोक्याचे आहे. फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा फ्लॉपी एम्युलेटर बसवणे हा यावरचा चांगला तोडगा आहे. गोटेक नावाने तो सहज मिळतो. आपल्या मॉडेलला त्याची जोडणी कशी करायची, हे आधी नीट पाहून घ्यावे, कारण सगळ्या कीबोर्डांच्या ड्राइव्हची केबल आणि जंपर सारखे नसतात. मोटिफच्या पहिल्या पिढ्यांना स्मार्टमीडिया कार्ड लागते. या कार्डाची सर्वांत मोठी क्षमताच १२८ मेगाबाइट होती आणि ते आता नवीन बनत नाही. मोटिफ ईएसला यूएसबीही आहे, त्यामुळे त्याचे निभते. पण अशा जुन्या कीबोर्डांना आजचे प्रचंड क्षमतेचे पेन ड्राइव्ह पुष्कळदा ओळखता येत नाहीत. लहान क्षमतेचे दोन पेन ड्राइव्ह कीबोर्डमध्येच फॉरमॅट करून ठेवावेत.

तिसरी अडचण सर्वांत कमी लोकांच्या ध्यानात येते आणि आपल्याकडे तिचाच फटका सर्वांत जास्त बसतो. ट्रायटन किंवा मोटिफ ईएसमध्ये बाहेरून भरलेले नमुने, म्हणजे हार्मोनियम, संबळ, तुतारी असे आपले टोन, रॅममध्ये राहतात. वीज गेली की रॅम रिकामी. मैदानावरच्या कार्यक्रमात लाइनवरून जनरेटरवर जाताना दोन सेकंद वीज गेली, तर कीबोर्ड पुन्हा सुरू होतो खरा, पण हार्मोनियमच्या जागी शांतता असते आणि नमुने पुन्हा भरेपर्यंत निवेदकाला वेळ काढावा लागतो. मोटिफ एक्सएफमध्ये (२०१०) वीज गेली तरी नमुने टिकवणारे फ्लॅश बोर्ड बसवायची सोय आली. त्याआधीच्या कीबोर्डांसाठी संगणकाचा छोटा यूपीएस सोबत ठेवणे हाच मार्ग. कीबोर्डला वीज फार लागत नाही. साधा यूपीएस जनरेटर सुरू होईपर्यंत त्याला सहज सांभाळतो.

वीज आणि साउंड सिस्टिम

परदेशातून आलेल्या जुन्या कीबोर्डच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय तो प्लगमध्ये घालू नये. जपानच्या बाजारपेठेसाठी बनलेले कीबोर्ड १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० व्होल्टचे. अमेरिकेतल्या मराठी नातेवाइकाने प्रेमाने दिलेला कीबोर्ड इथल्या २३० व्होल्टला जोडला की पॉवर सप्लाय जळतो आणि कधीकधी त्याच्यासोबत मुख्य बोर्डही जातो. अशा वाद्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचे वजन व तो विसरण्याची शक्यता दोन्ही हिशेबात धरावी लागते. बाहेरच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या कीबोर्डांत धोका वेगळा आहे. यामाहाच्या बऱ्याच पोर्टेबल कीबोर्डांचा अॅडॉप्टर १२ व्होल्टचा आणि त्याची मधली पिन धन असते; रोलँडच्या ९ व्होल्टच्या बऱ्याच अॅडॉप्टरांची मधली पिन ऋण असते. पिन बसते म्हणून दुसऱ्याचा अॅडॉप्टर लावणे, हे चालते वाद्य बंद पाडण्याचे हमखास कारण आहे.

आतला पॉवर सप्लाय जुना झाला की आवाजामागे बारीक घुरघुर येते, डिस्प्ले फडफडतो, किंवा कीबोर्ड तापल्यावर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी कपॅसिटर बदलून घ्यावे लागतात. म्हणून तपासणी पाच मिनिटांची नसावी. कार्यक्रम जितका चालतो तितका वेळ, म्हणजे तीन तास, कीबोर्ड सलग चालू ठेवून पाहावा.

घुरघुर नेहमी कीबोर्डचीच असते असे नाही. पुष्कळ कीबोर्डांचे आउटपुट अनबॅलन्स्ड असते. तिथून मिक्सरपर्यंत लांब केबल ओढली की विजेच्या तारांचा गुणगुणाट त्यात शिरतो. कीबोर्डजवळच डीआय बॉक्स ठेवून तिथून पुढे बॅलन्स्ड केबल न्यावी, आणि तरीही आवाज येत असेल तर डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण वापरून पाहावे. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. काही साउंडवाले हा उपाय सुचवतात, तो जिवावर बेतू शकतो. साउंड सिस्टिम मोनो असेल तर फक्त डाव्या, म्हणजे "एल/मोनो" लिहिलेल्या जॅकमधूनच आवाज द्यावा. त्यात कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करतो. बाहेर दोन केबल एकत्र करून स्टीरिओ पियानो मोनो केला तर तो पोकळ ऐकू येतो आणि दोष विनाकारण जुन्या वाद्याला लागतो.

कोणत्या कार्यक्रमाला चालेल

भजन, अभंग, सुगम संगीत आणि छोटेखानी बैठकीला जुना कीबोर्ड उत्तम चालतो, एका अटीवर: त्यात आपले टोन असले पाहिजेत. या पिढीचे बहुतेक कीबोर्ड पाश्चात्त्य बाजारपेठेसाठी घडलेले आहेत. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडीच्या १२८ टोनांत सतार आणि सनई आहे, पण हार्मोनियम नाही आणि तबलाही नाही. जवळचा म्हणून रीड ऑर्गन वापरला जातो. नाट्यगीतांना तो बरा साथ देतो, कारण संगीत नाटकाच्या साथीला ऑर्गनचाच आवाज कानात बसलेला आहे. अभंगाला मात्र पेटीचीच ओढ लागते. एक्सपी-८० मध्ये रोलँडचे एसआर-जेव्ही८० मालिकेतले चार विस्तार बोर्ड बसतात आणि त्या मालिकेत आशियाई वाद्यांचा बोर्डही होता. असा बोर्ड बसवलेला कीबोर्ड मिळाला तर त्याची किंमत जास्त असली तरी सौदा करण्याजोगा असतो.

गायकांसोबत काम करणाऱ्याने ट्रान्सपोझची सोय हातात घेऊन पाहावी. एका गाण्याला काळी चार, पुढच्याला पांढरी एक, मग गायक बदलला की काळी दोन, असे होत असेल तर मेनूत तीन पायऱ्या आत जाऊन स्वर बदलणारा कीबोर्ड कामाचा नाही. वर स्वतंत्र बटण हवे, आणि कितीने बदल झाला आहे हे डिस्प्लेवर सतत दिसायला हवे. जुन्या कीबोर्डांचा एक गुण इथे कामी येतो: काहींमध्ये प्रत्येक स्वर सेंटच्या हिशेबाने चढवता-उतरवता येतो. समान अंतराच्या सप्तकातला गंधार षड्जापासून ४०० सेंट दूर असतो, तर तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ वर. त्या एका स्वराला १४ सेंट उतरवले की लांब ठेवलेला सूर गायकाच्या गळ्याशी भांडत नाही. सा बदलला की ही मांडणीही नव्याने बसवावी लागते, म्हणून नेहमीच्या दोन-तीन पट्ट्यांसाठी ती आधीच साठवून ठेवावी.

ऑर्केस्ट्रात कसोटी लागते ती टोन बदलण्याची. जुन्या कीबोर्डांत टोन बदलला की आधीचा वाजता सूर तुटतो. स्ट्रिंग्जचा शेवटचा कॉर्ड धरून ठेवून त्यावर बासरी आणायची असेल तर मध्ये खड्डा पडतो. कोर्गने क्रोनॉसमध्ये (२०११), यामाहाने मोंटाजमध्ये (२०१६) आणि नॉर्डने स्टेज ३ मध्ये (२०१७) ही तूट भरून काढली. जुन्यावर वाजवणाऱ्याने एका गाण्याचे सगळे टोन एकाच मांडणीत बसवावेत, डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्याला बासरी, आणि गरजेप्रमाणे स्लायडरने किंवा एक्स्प्रेशन पेडलने त्यांची पातळी वरखाली करावी. मेहनत तालमीत होते, स्टेजवर हात मोकळे राहतात. ट्रॅकवर चालणाऱ्या कार्यक्रमात ऑडिओ ट्रॅक वाजवायची सोय या पिढीत बहुधा नसते. ट्रॅक लॅपटॉपवरून वेगळ्या चॅनलने द्यावा. कीबोर्डकडून तो वाजवून घ्यायच्या खटपटीत पडू नये.

लॅपटॉपच्या जोडीने

पट्ट्या चांगल्या आणि आवाज अपुरा, अशा कीबोर्डला मिडीमुळे दुसरे आयुष्य मिळते. मिडीचे पाच पिनांचे सॉकेट १९८३ पासून बदललेले नाही. तेव्हाचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला साध्या यूएसबी-मिडी केबलने जोडता येतो आणि नवा पियानो जुन्या पट्ट्यांवर वाजतो. गंमत म्हणजे इथे जुने सॉकेट नव्यापेक्षा भरवशाचे ठरते. २००० नंतरच्या पुष्कळ कीबोर्डांच्या यूएसबीला कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो आणि नव्या संगणकप्रणालींसाठी तो बनवणे कंपन्यांनी सोडून दिले आहे. यूएसबी असूनही जोडणी होत नसेल तर पाच पिनांचा रस्ता धरावा.

लॅपटॉपवर बफर १२८ सँपलच्या आसपास ठेवावा. ४४.१ किलोहर्ट्झला त्याने सुमारे ३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो बोटांना जाणवत नाही. ५१२ वर गेल्यावर मात्र तबल्यासोबत धावताना हात मागे पडल्यासारखे वाटते. कीबोर्डचा स्वतःचा आवाजही मिक्सरला जोडलेला ठेवावा. लॅपटॉप अडकला तर एका स्लायडरने आतला पियानो वर आणता येतो आणि गाणे थांबत नाही. जुना कीबोर्ड काही सेकंदांत सुरू होतो, ही त्याची मोठी ताकद अशा वेळी कळते. क्रोनॉससारखा पुढच्या काळातला शक्तिमान कीबोर्ड सुरू व्हायला दोन मिनिटे घेतो.

दुरुस्त करावा, विकावा की घ्यावा

वजन हा निर्णयातला दुय्यम मुद्दा मानला जातो, पण महिन्याला आठ-दहा कार्यक्रम करणाऱ्याच्या पाठीला तो दुय्यम नसतो. आरडी-७०० सारखा ८८ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड पेटीशिवायच पंचवीस किलोच्या आसपास भरतो. त्याच कंपनीचा अलीकडचा आरडी-८८ साडेतेरा किलोचा आहे. नाट्यगृहाच्या जिन्यावरून एकट्याने वाद्य न्यावे लागत असेल, तर एवढ्या एका कारणासाठी नवा घेणे शहाणपणाचे आहे.

रबर, सेल, जॅक, फ्लॉपी ड्राइव्ह, डिस्प्लेचा दिवा, कपॅसिटर: हे दोष असलेला कीबोर्ड दुरुस्त करून वापरावा. मुख्य बोर्ड, कंपनीची खास चिप किंवा मोडलेल्या हॅमरांचा संच हे दोष असतील तर दुसऱ्या मेलेल्या कीबोर्डचे भाग मिळाल्याशिवाय काम होत नाही, आणि तेही कधी जातील याचा नेम नसतो. अशा वाद्यावर पैसे घालू नयेत. दुरुस्तीचा अंदाज त्याच मॉडेलच्या चालू स्थितीतल्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर थांबावे.

जुना विकत घेताना मालकाच्या घरी जाऊन, स्वतःचा सस्टेन पेडल आणि हेडफोन नेऊन तपासणी करावी. पेडल उलटे काम करत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर घाबरू नये. कीबोर्ड बंद करून, पेडलवर पाय न ठेवता पुन्हा सुरू केला की बहुतेक मॉडेल पेडलची दिशा स्वतः ओळखतात. पिच बेंडचे चाक सोडल्यावर सूर नेमका मूळ जागी येतो का, हे ट्यूनर लावून पाहावे. मींड काढणाऱ्याला तिथली पाच सेंटची चूकही चालत नाही. आवाजाचा स्लायडर हळू सरकवताना खरखर आली तर ती सफाईने जाते, भावात मात्र ती धरावी. केबल जॅकमध्ये हलवून पाहावी. एखादा टोन साठवून, कीबोर्ड बंद करून, दहा मिनिटांनी सुरू केल्यावर तो जागेवर आहे का ते पाहावे. आणि सेल शेवटचा कधी बदलला, हे विचारावे.

कार्यक्रमाला निघताना पिशवीत काय असावे हेही जुन्या वाद्यासाठी थोडे वेगळे असते: टोनांची प्रत असलेले दोन पेन ड्राइव्ह किंवा कार्डे, जादा अॅडॉप्टर किंवा पॉवर केबल, दोन जादा जॅक केबल, डीआय बॉक्स, यूपीएस, आणि मोबाइलला जोडून किमान पियानो व स्ट्रिंग्ज वाजवता येतील अशी छोटी मिडी केबल. ज्या वादकाला महिनोन्महिने कार्यक्रम नसतात, त्यानेही पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर कीबोर्ड चालू ठेवावा. आतली ऊब ओल हटवते आणि स्विचचे संपर्क मोकळे राहतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या दर पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलाव्यात, आणि पेटी जमिनीवर न ठेवता भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर आडवी ठेवावी.